इंदूवैनींचा बंद कूलर

माझ्या थापा ऐकायच्या असल्या की इंदूवैनी आधी चष्मा लावत. एकदा मी विचारलं, कानाचं काम डोळ्याला कशाला देता? तर म्हणाल्या, "बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पायजे ना भाऊजी. नाहीतर रेडिओ काय वाईट हाय?" मग चष्मा नाकावर नीट बसवून त्या अशा काही समोर बसत, की खरं बोलणं म्हणजे त्यांचा अपमान करणं, असं मला वाटू लागे.

नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात मी बत्तीस वर्षं काढली. तिथे ट्रक उशिरा आला की ड्रायव्हर कारण सांगतो, आणि टायर पंक्चर झालं असं साधं कारण सांगणाऱ्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही. मी तिथेच घडलो. एका मे महिन्यात अमरावती रोडचं डांबर वितळून बारा चाकी ट्रक टपापर्यंत रुतला आणि दिवाळीत थंडी पडल्यावर आम्ही तो सब्बलीने खोदून काढला, ही गोष्ट मी आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, निदान पन्नास वेळा सांगितली असेल. लोक हसत. माझी बायको सुमन कपाळाला हात लावी. इंदूवैनी मात्र विचारत, "मंग ट्रकात माल काय होता?" मी म्हणे, संत्री. "मंग ते तं सडले असन बाप्पा." आता सडलेल्या संत्र्यांची सोय लावणं आलं. म्हणून मग त्या ट्रकातून पाझरलेल्या रसावर दोन कोस मुंग्यांची रांग लागली, आणि गोष्ट पहिल्यापेक्षा चांगली झाली. माझ्या निम्म्या गोष्टी त्यांनीच अशा पुऱ्या करून घेतल्या. त्यांचा विश्वास बसायचा की नाही, देव जाणे. सोळा वर्षांत 'काहीही सांगता' एवढं मात्र त्या मला एकदाही म्हणाल्या नाहीत.

कन्हानला खदानीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. त्यांचे यजमान भोयरसाहेब तिथेच ऑफिसात. निवृत्तीनंतर दोघांनी हुडकेश्वरला आमच्या समोरचा प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, आणि तीनच वर्षांत साहेब गेले. मुलगा मंगेश पुण्याला. मंगेशला या गोष्टीतला दुष्ट माणूस करायची मला फार इच्छा आहे, पण तो तसा नाही. आईला रोज फोन करणारा, आपल्याकडे ये म्हणून मनापासून मागे लागणारा मुलगा. वैनींना जायचं नव्हतं. "तिथं सातव्या मजल्यावर मी काय करू? खाली पाह्यलं तं माणसं मुंग्यावानी दिसते. इथं फाटकातून वळखू येते."

मागच्या वर्षीच्या मेमध्ये त्या घरात चक्कर येऊन पडल्या. नागपूरचं ऊन, आणि कूलर बंद. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाल्या, एका जिवासाठी एवढा मोठा पंखा काय फिरवाचा. मंगेश धावत आला, सलाइन उतरेपर्यंत उशाशी बसला आणि जाताना अट घालून गेला. दुपारी बारा ते चार कूलर चालू ठेवायचा, उन्हात पाऊल टाकायचं नाही. यात चूक झाली तर पुणे. वैनींनी मान्य केलं. त्यांचं इथलं राहणं त्या दिवसापासून त्या कूलरवर टांगलं गेलं.

अशात बातमी आली की वीज कंपनी आमच्या साऱ्या लेआउटमध्ये स्मार्ट मीटर बसवणार. मारुतीच्या देवळात सभा झाली. विरोधी पक्षाचं पुढारीपण अर्थातच माझ्याकडे. मी सांगितलं की हा मीटर घरातलं बोलणं ऐकतो. एका गावी सासू-सुनेचं भांडण पेटलं, तर मीटरने सुनेची बाजू घेऊन सासूच्याच खोलीतली लाइन कापली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विरोधाच्या अर्जावर सगळ्यात मोठी सही माझी होती. एवढं होऊनही मीटर बसवणारे आलेच, आणि त्यातला एक जण सहज बोलून गेला की तासातासाला किती वीज लागली ते आता मोबाइलवर दिसेल, कुठूनही दिसेल. मी जागच्या जागी पक्ष बदलला. सभेतल्या लोकांना तोंड दाखवण्याआधी मी मंगेशला फोन लावला आणि जणू तो मीटर मीच रात्रंदिवस खपून शोधून काढला अशा थाटात म्हणालो, पुण्यात बसून आईचा कूलर बघ. ॲप कुठलं, ग्राहक क्रमांक कुठे टाकायचा, सगळं मीच सांगितलं. मग रस्ता ओलांडून वैनींनाही ही खुशखबर दिली. त्यांनी मीटरकडे पाहिलं. म्हणाल्या, "बरं केलं. मले विचारलं असतं तरी मी होच म्हटलं असतं." त्यातलं 'विचारलं नाही' मला तेव्हा ऐकू आलं नाही.

यंदा मेमध्ये सुमनने पोतंभर चिंच घेतली. चिंच फोडायची, चिंचोके काढायचे, मीठ लावून गोळे करायचे. एकटीच्या आवाक्यातलं काम नव्हे. वैनी मदतीला येऊ लागल्या. जेवण झालं की ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वीस पावलांचा रस्ता ओलांडायचा आणि आमच्या कूलरपुढे फतकल मारून बसायचं. चष्मा लावलेला, मांडीवर चिंच, समोर मी. चार दुपारी अशा गेल्या की माझा गळा बसला. वैनींच्या घरचा कूलर त्या चारही दुपारी बंद होता. बंद असणारच, घरात होतं कोण? तिघांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नाही.

चौथ्या दुपारी मंगेशचा फोन माझ्या मोबाइलवर आला. "काका, आज ॲप उघडलं, तर आईचा कूलर चार दिवस दुपारी बंद दिसतोय. ती फोनही उचलत नाही. जरा बघून येता का?" वैनींचा मोबाइल त्यांच्या घरी चार्जिंगला होता, आणि वैनी माझ्यापासून दोन हातांवर. आई इथेच आहे, आमच्या कूलरपुढे चिंच फोडते आहे, घे बोल. एवढंच म्हणायचं होतं. फार तर उन्हात आल्याबद्दल चार शब्द ऐकावे लागले असते. पण इतकी साधी गोष्ट माझ्या तोंडून निघेना. समोर चष्मा लावलेल्या वैनी बसल्या होत्या. मी सुरू झालो. एक लंगूर आमच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, बसला होता. त्याची शेपूट तारेला लागली. जाळ एवढा झाला की मानेवाडा चौकातल्या लोकांना दिवस दोनदा उगवल्यासारखा वाटला. इंजिनीअर पाहायला आला तो बेशुद्ध पडला, त्याला उचलायला दुसरा आला तोही पडला. चार दिवस झाले, अख्ख्या लेआउटमध्ये लाइन नाही.

पलीकडून मंगेशने लंगूर पुरता ऐकून घेतला. मग म्हणाला, आई तिथे असेल तर तिला फोन द्या. मी दिला. त्याने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण वैनींनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाल्या, "हो रे बाप्पा. लाइनच नाही ना चार दिवसांपासून."

पण मंगेशला मीटरमध्ये वैनींचा फ्रिज चालू दिसत होता. दर तासाला थोडी थोडी वीज, चारही दिवस, एक तास न चुकता.

दोन दिवसांनी मंगेश दारात उभा होता. आवाज चढला नाही त्याचा. मी त्याला सगळं खरं सांगितलं, सुमनने चिंचेची बरणी आणून दाखवली. आयुष्यात इतकं खरं मी सलग कधी बोललो नव्हतो, आणि बोलताना माझं मलाच ते पटण्यासारखं वाटत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, असेलही खरं. पण आई माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. आणि मला पुण्याहून दोनच गोष्टी दिसत होत्या, मीटर आणि तुम्ही. आता एकटा मीटर उरला. त्याच्या भरवशावर मी तिला इथे कशी ठेवू?" आतून वैनी म्हणाल्या, "भाऊजीले काही म्हणू नको, मंगेश. बॅग भर."

निघायच्या सकाळी त्या सुमनला कुलपाची एक किल्ली द्यायला आल्या. सुमन आत चहा टाकायला गेली तेव्हा मी विचारलंच, की वैनी, माझ्या लंगुराला तुम्ही हो काहून म्हटलं? एक शब्द खरा बोलल्या असत्या तर आज ही बॅग भरावी लागली नसती. त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुम्ही बोलून राहिले होते ना भाऊजी. मंग मी मधात कशी बोलू?" आणि खालच्या आवाजात, "तुमच्यासमोर तुम्हाले खोटं पाडाचं मले नाही जमलं."

वैनी पुण्याला बऱ्या आहेत म्हणतात. फोनवर फारसं बोलत नाहीत. त्या बोलणाऱ्यातल्या कधी नव्हत्याच, आणि माझ्याकडेही सांगण्यासारखं आजकाल काही नसतं. पंधरा दिवसांतून एकदा मी त्यांचं घर उघडून झाडून घेतो, कुंड्यांना पाणी घालतो आणि मंगेशला कळवतो. गेल्या खेपेला सांगितलं की मागच्या भिंतीला ओल आली आहे, हातभर. हातभरच होती, मी टेप लावून मोजली होती. मंगेश नेहमीसारखा अदबीने म्हणाला, "बरं काका. एक फोटो पाठवता का?"

मी भिंतीला टेप धरली आणि फोटो काढून पाठवला.