रविवारची गोळी

पत्रा कापणाऱ्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाचा डोळा लागला, तर त्याला आळशी म्हणण्याआधी तो कोणते औषध घेतो, हे तुम्ही विचाराल का?

माझ्या मामांना कुणी विचारले नाही. ते पिंपरीजवळच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या यंत्रावर होते. वय पन्नाशीच्या पुढे. मूळ गाव चाकणकडचे निघोजे. तिथे त्यांचे थोरले भाऊ शेती बघत. आई गेल्यावर मी मामांकडेच वाढलो, चिंचवडला रुळांपलीकडच्या दोन खोल्यांत. आमच्या फळ्यांवर युनियनची जुनी पत्रके अंथरलेली असत. मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावरूनच. ‘कामगार बंधूंनो’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बगळा’ यांच्या आधी वाचता आले.

कारखान्यात विमा आला तेव्हा तो आम्हीच जिंकून आणल्यासारखे वाटले होते, आणि काही अंशी ते खरेही होते. पगारातून थोडी कपात, आणि तिच्या बदल्यात कार्ड, दवाखाना, औषध. मी तेव्हा छापखान्यात कामाला होतो; त्या मागणीच्या पत्रकाचे शिशाचे खिळे मीच जुळवले होते. म्हाताऱ्या कामगाराला मरेपर्यंत राबवून फेकून देता येणार नाही, असे त्यात ठळक टाइपात होते.

विम्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मामांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पारा पाहिला आणि पुन्हा एकदा फुगवला.

“रक्ताचा दाब फार आहे. मीठ कमी करा. आणि ही गोळी रोज घ्यायची. चुकवायची नाही.”

मामा घरी आले ते हसतच. “मीठ सोड म्हणतोय डॉक्टर. मग मालकाच्या मिठाला जागायचं कसं?”

मामींनी त्या दिवसापासून लोणच्याची बरणी वर ठेवली. तोंडी लावायला खर्डा होई तोही मिठाची नुसती चिमूट टाकून. मामा कुरकुरत, पण खात. अडचण आली ती गोळीची. सर्पगंधा नावाच्या मुळीपासून केलेली ती गोळी दाब उतरवी खरी, पण नाक चोंदे आणि डोळे मिटत. डोक्यात ओले पोते भरल्यासारखे वाटते, असे मामा म्हणत. एरवी नकला करून बिऱ्हाडे हसवणारा हा माणूस ओट्यावर बसून रुळांकडे पाहत राही.

यंत्रावर एकदा त्यांची मान कलली. पाते खाली आले तेव्हा बोटे थोडक्यात बाहेर होती. मागे फोरमन उभाच होता. विडी ओठाच्या एका कोपऱ्यात धरून तो दुसऱ्या कोपऱ्यातून बोलत असे.

“काय पाहुणे, सासुरवाडीला आलात का? गादी टाकू?”

सगळे हसले. मामाही हसले. घरी येऊन त्यांनी फोरमनची नक्कल करून दाखवली, तोंड एका बाजूला ओढून. मामी आणि मी पोट धरून हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून मामांनी कामाच्या दिवशी गोळी घेणे बंद केले. कारखान्याला सुटी रविवारी; म्हणून गोळीही रविवारी.

“डॉक्टरांना सांगा ना झोप येते म्हणून,” मी म्हणालो.

“आणि डॉक्टरनं हलक्या कामाची चिठ्ठी दिली तर?”

“मग हलकं काम मिळेल.”

“आपल्या खात्यात हलकं काम दाखव मला एखादं. हलकं काम म्हणजे घरी बसणं, पोरा. दवाखान्यात बोललेलं सगळं फाटकाबाहेर जातं. कंपाउंडर कुणाचा भाचा आहे, ठाऊक आहे ना?”

कंपाउंडर कारखान्यातल्या कुणाचाच भाचा नव्हता, हे पुढे कळले. पण कारखान्यात सगळ्यांचा समज तोच होता. म्हणून पन्नाशीची माणसे त्या दवाखान्यात जात, गोळ्या घेत, ‘बरं वाटतंय’ म्हणत आणि परत येत. दवाखाना कारखान्याच्या भिंतीला लागून होता. मालकाच्या भिंतीला कान असतात, हे आम्हीच आमच्या पत्रकांतून त्यांना शिकवले होते. डॉक्टर मात्र पट्टा बांधून गोळ्या वाढवत. गोळी घेऊनही दाब का उतरत नाही, याचे त्यांना नवल वाटत असावे. रांग मोठी असे. एकेका माणसाशी बोलायला वेळ कुणाला होता?

थंडी संपताना एका सकाळी मामा कामावर निघण्याआधी चहा पीत होते. चहा ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला. तोंड एका बाजूला ओढले गेले होते.

“पुरे झाली त्या मेल्याची नक्कल,” मामी म्हणाल्या. “सदरा धुवायचा मीच.”

मामांनी काही तरी उत्तर दिले. त्यात शब्द नव्हते. मग बशी पडली, आणि उजव्या अंगावर ते सावकाश कलंडले.

आमच्याकडे याला ‘वारं गेलं’ म्हणतात. अंगावरून वारे गेले, म्हणून हात-पाय लुळे पडले. तेव्हा आणखी वारे लागू द्यायचे नाही, हे ओघानेच आले. शेजारच्या बायकांनी खिडकीत पोती कोंबली. दार लावून फटींत चिंध्या भरल्या. मामांना घोंगडीत गुंडाळले आणि उशाशी शेगडी ठेवली. कुणी तरी पारवा धरून आणला, आणि त्याचे गरम रक्त त्यांच्या लुळ्या हाताला चोळले. निघोज्याहून थोरले मामा आले तेव्हा त्या खोलीत माणसाचा चेहरा दिसत नव्हता.

मी दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी ताबडतोब पुण्याच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. विमा असलेल्या माणसाची तिथे खाट होती. जिच्यासाठी आम्ही वर्षभर पत्रके वाटली ती खाट खरोखर होती, आणि माझ्या खिशातल्या चिठ्ठीने ती मिळणार होती.

आडवे झोपवून न्यायला गाडी मात्र नव्हती. शेजारी राहणारा मुसलमान मिस्त्री चाकणच्या बाजाराचे ट्रक दुरुस्त करी. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, “कांद्याचा एक ट्रक दुपारी पुण्याला निघतोय, भाऊ. ड्रायव्हर आपला दोस्त आहे. पोत्यांवर बिछाना टाकू, मामांना आरामात नेऊ.”

दारातच थोरले मामा आडवे उभे राहिले.

“उघड्या ट्रकमधनं? वाऱ्यात?”

“वरून ताडपत्री बांधतो ना,” मिस्त्री म्हणाला.

“ट्रक पळतो तवा वारं ताडपत्रीला इचारून आत येतं व्हय? वाऱ्यानंच पडलाय त्यो. आता वाऱ्यातनंच न्यायचा?”

“थोरले मामा, हे वाऱ्यानं होत नाही. डोक्यातली शीर...”

“तू पुस्तकं वाचलीस, ठीक हाय. आमच्या बापाला असंच झालं व्हतं. कोंडून ठिवला, तर चार वर्सं जगला.”

मी मामींकडे पाहिले. त्या माझ्याकडे पाहीनात. “भाऊजी म्हणतात तसं,” एवढेच त्या म्हणाल्या. ट्रक गेला. मिस्त्री संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर बसून होता, मन बदलले तर दुसरा ट्रक बघता येईल म्हणून.

थोरले मामा क्रूर नव्हते. ते धाकट्या भावाचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. मध्येच चमच्याने काढा पाजत होते, आणि मामांना प्रत्येक घोटाला ठसका लागत होता. ठसका लागला की थोरले मामा म्हणत, “पी रं गड्या, आत गेलं की ऊब येईल.” आत जात होते, पण पोटात नव्हे. गिळण्याची शक्ती गेलेल्या माणसाच्या छातीत ते उतरत होते. हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

ताप चढला. छातीत घरघर सुरू झाली. दोन दिवस असे गेल्यावर थोरल्या मामांनी स्वतःच उठून दारातल्या चिंध्या उपसल्या. “न्या,” ते मिस्त्रीला म्हणाले. पुण्यापर्यंत ते ताडपत्रीची वाऱ्याकडची बाजू दोन्ही हातांनी धरून बसले.

इस्पितळातल्या डॉक्टरबाई कडक होत्या, पण खोटे बोलल्या नाहीत. मी विचारले, “त्याच दिवशी आणलं असतं तर हात परत आला असता का?”

“ते मला सांगता येणार नाही. मेंदूचं जे नुकसान झालंय त्यावर आमच्याकडेही औषध नाही. पण हा न्यूमोनिया झाला नसता. पाठीवरची ही जखमही झाली नसती. कूस न बदलता किती वेळ ठेवलं होतंत?”

थोरल्या मामांनी दोन बोटे वर केली.

“दाबाची गोळी चालू होती ना?” बाईंनी विचारले.

“रविवारी,” मामी म्हणाल्या. आणि मग पहिल्यांदाच त्यांनी सगळे सांगितले: यंत्र, झोप, फोरमन, गादी.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. “झोप येते म्हणून सांगायचं होतं. गोळी कमी करता आली असती. रात्री निजताना घेता आली असती. सांगितलं का नाही कुणी?”

मामी पदराने मामांच्या तोंडाचा कोपरा पुसू लागल्या. मला मात्र आमची सगळी पत्रके आठवली. आम्ही दवाखाना मागितला, डॉक्टर मागितला, औषध मागितले, खाट मागितली. डॉक्टरसमोर बसल्यावर खरे बोलले तर काम जाणार नाही, ही हमी आम्ही मागितलीच नव्हती. ती नव्हती, म्हणून बाकीचे सगळे असून नसल्यासारखे झाले.

पेनिसिलिनने ताप उतरला. उजवा हात आणि वाचा परत आली नाही. परिचारिकेने मामींना हात कसा हलवायचा, कूस कशी बदलायची, पाणी बसवून आणि घोट-घोट कसे द्यायचे हे शिकवले. मामींनी ते नेमाने केले. आजारपणाची रजा संपली तेव्हा कारखान्याने मामांचे नाव हजेरीपटावरून काढले, आणि नावाबरोबर विमाही गेला. माणूस आजारी पडेपर्यंत विमा होता. आजार टिकला तेव्हा नव्हता. यावर मी पत्रक लिहिले. फाटकावर ते वाटताना फोरमननेही एक घेतले आणि घडी घालून खिशात ठेवले.

मामांना निघोज्याला नेले. थोरले मामा त्यांना रोज ओट्यावर, उघड्यावर बसवत. संध्याकाळचे जेवण झाले की स्वतःच्या हाताने गोळी देत, आणि ती गिळली का हे तोंड उघडायला लावून बघत. मामांना बोलता येत नव्हते, पण समजत सगळे होते. मी गेलो की ते डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून, वाकडे तोंड आणखी वाकडे करत. ती फोरमनची नक्कल आहे, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. हसावे की रडावे, कळत नसे. मी हसत असे, कारण ते वाट पाहत असत.

पुढच्या वर्षी, कांदे काढणीला आले असताना, दुसरा झटका आला. त्या वेळी कुणी दार लावले नाही. चाकणहून डॉक्टर येईपर्यंत मामा गेले होते.

तुमच्या घरात दाबाची गोळी घेणारे कुणी वडीलधारे असेल, तर आज जेवणानंतर त्यांच्याजवळ बसा. गोळी घेतलीत का, असे विचारू नका. त्याला ‘हो’ हे उत्तर ठरलेले असते. ती घेतल्यावर कसे वाटते, हे विचारा. मग त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा, आणि ते डॉक्टरांपुढे ‘बरं वाटतंय’ म्हणू लागले, तर त्यांनी तुम्हाला सांगितलेले तुम्ही बोला.