ओहोटीचा मुहूर्त

माणसानं एक वेळ वाघाशी कुस्ती धरावी, पण घरच्या माणसांसोबत प्रवासाचा बेत आखू नये. मी दोन्ही केलं आहे. त्यातल्या त्यात वाघ समजूतदार निघाला.

आग मीच लावली, हे कबूल करतो. कापसाच्या गाड्या घेऊन मलकापूरला गेलो होतो. तिथल्या एका काठेवाडी व्यापाऱ्यानं चहा पाजता पाजता सांगितलं, की त्याच्या मुलखात, द्वारकेच्या पुढं, ओहोटीला समुद्र कोसभर मागं सरतो आणि त्याचा तळ उघडा पडतो. माणसं त्या तळावर चालतात. तिथं जिवंत दगड असतात, बोट लावलं की मिटणारी फुलं असतात, पाच पायांचे तारे असतात. मी रोहिणखेडच्या अलीकडच्या आमच्या गावी पोचेपर्यंत कोसाचे पाच कोस झाले, ताऱ्याला सात पाय फुटले आणि एक खेकडा येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालू लागला.

ओसरीवर दहा जण ऐकत होते. नऊ हसले. दहावी माझी आत्या. बाबांची ही थोरली बहीण विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, आणि पुढची चाळीस वर्षं आमच्या घरानं तिच्याच हातची भाकर खाल्ली. आजवर तिनं कोणाला चिमूटभर तंबाखूसुद्धा मागितली नव्हती. ती म्हणाली, "मले तिथं ने. जिथं जलमभर पाणी राह्यते, तिथं एकडाव चालून पाह्यचं हाय मले."

बाबा म्हणाले, "काऊन बाई? खारं पाणीच पाह्यचं तं आपलं लोणार काय वाईट हाय? उद्या गाडी जुंपतो."

"लोणारच्या पाण्यात मासोळी तरी राह्यते का रे भाऊ?"

बाबा अडकित्ता काढून सुपारी कातरू लागले. तेवढ्यात मी द्वारकेच्या पुण्याचा मुद्दा पुढं सरकवला आणि त्यांचा होकार काढला. मला वाटलं, झालं! पण तिथून जे सुरू झालं त्याला तोड नाही. नागपूरला बसून साहेबलोक अख्खा मध्यप्रांत आणि वऱ्हाड हाकत. त्यांनी वर्षात घेतल्या नसतील इतक्या बैठका आमच्या ओसरीवर एका महिन्यात झाल्या.

अडचण समुद्राची होती. व्यापाऱ्यानं बजावून सांगितलं होतं, तळ पाहायचा तर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं हजर राहा, नाहीतर नुसतं पाणी बघून परत जाल. वैशाखाची अमावास्या रविवारी येत होती. त्यापुढच्या पुनवेला मिरग लागणार, म्हणजे पेरणीची घाई, आणि पावसाळ्यात तो समुद्र कोणाला जवळ करत नाही. म्हणजे हीच अमावास्या. वाट तीन दिवसांची, मलकापूरपर्यंत बैलांची दमणी आणि पुढं आगगाडी, म्हणजे शुक्रवारी सकाळी निघणं भाग.

आणि जिच्यासाठी हा सगळा आटापिटा, तीच आडवी झाली.

"शुक्रवारी? शुक्रवारी पश्चिमेले दिशाशूल राह्यते. त्या दिशेनं पाऊल टाकत नाईत."

"मंग गुरुवारी निघू."

"गुरुवारी द्वादशी. माह्यं पारणं हाय."

"बुधवारी?"

"एकादशीले घर सोडू म्हणतं?"

मी कपाळावर हात मारला. समुद्राला पंचांग कळतं, आणि नेमकं आमच्या आत्यालाही कळतं. दोघांच्या मध्ये माझी चटणी. "आत्या," मी म्हटलं, "तू समुद्राले चिठ्ठी धाड. म्हणा, बाप्पा, आमच्या सोयीनं हट."

"तोंड सांभाळ, लेका," आत्या म्हणाली. "परस्थान ठेवू."

हा तोडगा मात्र खरा. निघायचा दिवस वाईट असला, तर चांगल्या दिवशी आपलं गाठोडं वाटेवरच्या कोणाच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग पुढं तो केव्हाही जावो. सोमवारी आम्ही तिघांची गाठोडी वेशीबाहेर, पश्चिमेला राहणाऱ्या माळीबुवांकडं वाजतगाजत ठेवली.

ठेवली, आणि पश्चात्तापाला बसलो. परस्थान ठेवलेलं गाठोडं परत आणता येत नाही, त्याची गाठ सोडता येत नाही. बाबांचं पागोटं त्यात. माझी दोन्ही बरी धोतरं त्यात. अडकित्ता त्यात. बाबा चार दिवस डोक्याला पंचा गुंडाळून फिरले, सुपारी दातानं फोडायला गेले आणि एक दाढ गमावून बसले. ऊन असं, की कावळे उडायचं सोडून भिंतीच्या सावलीनं पायी चालत. आणि आम्ही स्वतःच्याच घरात, निघून गेलेल्या माणसांसारखे, तांब्याभर पाण्याला भांडं शोधत होतो.

गुरुवारी संध्याकाळी माळीबुवा दारात येऊन उभे राहिले. तोंड उतरलेलं.

"सूनबाई मोकळी झाली. पोरगी झाली."

"अरे वा!" मी म्हटलं.

"त्याच खोलीत झाली, पाटील. गाठोड्याईपाशी."

म्हणजे दहा दिवसांचं सोयर. गाठोड्यांना हात लावायचा नाही. बाबांना मनातून आनंद झाला असावा, कारण ते लगेच म्हणाले, "झालं! देवाचीच मर्जी नाई." मी त्या रात्री माळीबुवांना, समुद्राला, त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या चहाला मिळून ज्या शिव्या दिल्या, त्यांच्यामुळं अंगणातलं लिंबाचं झाड पुढची दोन वर्षं फुललं नाही. आत्या चुलीपुढं बसून राहिली.

शुक्रवारी पहाटे उठून पाहतो तर आत्या अंगणात, जुंपलेल्या दमणीत चढून बसलेली. हात रिकामे.

बाबा धावत आले. "बाई! आज शुक्रवार हाय!"

"मंग?"

"दिशाशूल! तूच म्हणत होती न वं!"

"म्या आज कुठं निघाली, भाऊ? म्या तं सोमवारीच निघाली. चार दिवस झाले मले जाऊन. आज फकस्त अंग चाललं."

"आन गाठोडं? सोयर?"

"सोयर गाठोड्याले लागलं. माह्यापाशी गाठोडं हायेच कुठं?"

बाबांनी आणखी एक मुद्दा काढायला तोंड उघडलं, पण पागोट्याशिवाय परमुलखात जायचं नाही या एकाच मुद्द्यावर ते स्वतःच घरी राहिले. मी अंगावरच्या धोतरानिशी दमणीत उडी मारली.

सोमवारी सकाळी समुद्र खरोखरच हटलेला होता. पाच कोस नाही म्हणत, पण होता. आत्या लुगडं वर खोचून त्या चिखलात, दगडांत, डबक्यांत अशी शिरली, की जणू आमच्याच शेतात तूर पाहायला निघाली. वाकायची, बोट लावायची, काहीतरी मिटायचं, ही हसायची. तास झाला, दीड तास झाला. दुरून पाण्याची पांढरी रेघ जवळ यायला लागली. वाटाड्या ओरडत होता, मी ओरडत होतो, माझं एकुलतं एक धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

"आत्या! पाणी आलं वं! चाल मांगं!"

"आलं तं येऊ दे," ती मान वर न करता म्हणाली. "त्याचंच घर हाय, ते येईनच." आणि आणखी दहा पावलं पुढं गेली.