लंगड्या कोल्हिणीची पहिली आवृत्ती

आवृत्तीकाका पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठाकडे बघतसुद्धा नसत. थेट आतलं पान उघडून आवृत्ती शोधत, आणि ती पहिली नसली की दुकानदाराने फसवल्यासारखं तोंड करून पुस्तक परत करत. घाटनांदूरला ते जनावरांचे डॉक्टर होते. गावाने ठेवलेलं हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

प्राण्यांच्या गोष्टींची जुनी पुस्तकं, तीही पहिल्या आवृत्तीची, यापलीकडे त्यांना काही नको असे. अंबाजोगाईच्या रद्दीवाल्याने एकदा छेडलं, "काका, दुसरी घ्या की. गोष्ट तीच हाय."

काका उखडले. "तीच न्हाई बे! दुसऱ्या खेपेला जनावर माणसाळतं. दात काढून टाकतेत त्याचे." मुलं घाबरतात म्हणून पुढच्या आवृत्त्यांमध्ये कितीतरी लांडगे गरीब होऊन गेले होते, ते त्यांच्या कपाटापुढे उभं राहिलं की कळायचं.

पण हा सगळा शोध एकाच पुस्तकासाठी होता, लंगड्या कोल्हिणीच्या गोष्टीसाठी. त्यांची मुलगी सुमन, माझी मैत्रीण, शाळेत असतानाच तापाने गेली. आवडीची वस्तू सोबत द्यावी म्हणून काकूंनी ते पुस्तक तिच्या चितेवर ठेवलं. ती पहिली आवृत्ती आहे आणि नंतरच्या पुस्तकांत गोष्टीचा शेवट बदललाय, हे त्या दुःखात कोणाला सुचणार?

"दिवेलागणीला वाचती ती," काका मला सांगत, शेजारची पोर विरजण मागून गेली असं सांगावं तितक्या साधेपणाने. "बोट ठिवून, मोठ्यानं. कोल्हीण वढ्यापशी येती, मागं वळून बघती... अन् सुमी गप व्हती. पुढचं मला आठवंना, म्हणून अडती बिचारी. तुला आठवतं का गं?"

मलाही आठवत नसे. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसायची मला भीती वाटायची, आणि न जाऊनही चैन पडायचं नाही.

अखेर हैदराबादच्या एका पुस्तकवाल्याने मोबाइलवर फोटो पाठवला. काका स्वतः जाऊन पुस्तक घेऊन आले आणि मला दारातूनच परत पाठवलं. "उद्या ये. आज तिला पुरं करू दे."

दुसऱ्या संध्याकाळी गेले तर काका अंधारातच बसलेले. "मी वाचत गेलतो तशी तीबी वाचत गेली. पार शेवटापतुर. लई खूश होती." मग म्हणाले, "आज आलीच न्हाई गं. कशापायी पुरं केलं मी?"

मला रडू आवरेना. सुमन पुन्हा आली नाही. नंतरची सगळी वर्षं काका दिवेलागणीला कान देऊन बसत, आणि घरात कुणी बोललं तर चिडत.

ते गेल्यावर काकूंनी कपाट माझ्याकडे पाठवलं. कोल्हिणीची गोष्ट मी मोठ्याने वाचते, ओढ्यापर्यंत, आणि पुस्तक मिटते. मला अजून कुणाचा आवाज ऐकू आलेला नाही. पण पुढचं पान उलटायची माझी छाती होत नाही.