बिरोबाच्या डोक्यावर

आमच्या सोसायटीचं नाव 'बिरोबा हाइट्स'. बिरोबा हा माळावरचा, उघड्यावरचा देव. त्याच्या नावापुढे 'हाइट्स' लावायची कल्पना आमच्या बिल्डरची, ऋषिराजची, आणि देवाने ती चालवून घेतली याचं मला अजून नवल वाटतं. मी या सोसायटीचा चेअरमन. म्हणजे काय, तर सभेत सगळ्यांनी एकदम खाली मान घातली, मला तेवढं वेळेवर जमलं नाही. एसटीत कंडक्टर होतो, मूळचा मेढ्याचा. डोंगरात वाढलेला माणूस असल्यामुळे उंचीचं मला फारसं कौतुक नाही.

ही गोष्ट मात्र अकराव्या मजल्यावरच्या धोंडीअण्णांची आणि त्यांच्या येसूबाईंची. ज्या जमिनीवर ही इमारत उभी आहे ती त्यांची.

अण्णा ढालगावकडचे. तिकडे पाऊस मनात आलं तर येतो. त्यामुळे अण्णांचे वडील दर साली दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. इथले शेतकरी त्यांना आग्रहाने बोलवायचे, कारण रात्रभर मेंढरं शेतात बसवली की सकाळी रानाला फुकटचं खत. अशाच एका शेतकऱ्याने खूश होऊन सांगली-मिरजेच्या मधल्या एका छोट्या स्टेशनाजवळचा, रुळाकडेचा खडकाळ तुकडा त्यांना देऊन टाकला. तिथे ऊसही येत नव्हता आणि माणूसही. म्हाताऱ्याने तिथल्या लिंबाखाली एक दगड मांडला, त्याला भंडारा लावला आणि बिरोबा म्हणून हात जोडले. मेंढरं बसतात तिथे देव बसतो, असा त्यांचा साधा हिशेब.

पुढे शहर वाढत वाढत रुळापर्यंत आलं. रूळ एकाचे दोन झाले, वर विजेच्या तारा आल्या, आणि कुठल्याशा हुशार माणसाने ठरवलं की स्टेशनजवळ उंच बांधावं, दाट बांधावं, म्हणजे लोक आपापल्या गाड्या सोडून रेल्वेने फिरतील. विचार चांगलाच होता. फक्त आमच्या स्टेशनात थांबणाऱ्या गाड्यांना तो कुणी कळवला नाही. आजही आमच्या इमारतीत रेल्वेने जाणारा माणूस एकच, धोंडीअण्णा. ते जत्रेला ढालगावला जातात. बाकी सगळे स्टेशनाशेजारी राहून पार्किंगवरून भांडतात.

तर ऋषिराज पहिल्यांदा आला तेव्हा बोलणं लिंबाखालीच झालं. चार मजली इमारत होणार होती. जागेच्या बदल्यात अण्णांना फ्लॅट. खालचा घ्या, पुढे अंगण काढून देतो, असं तो स्वतःहून म्हणाला. येसूबाईंचा चेहरा फुलला.

"आवं, खालचाच घ्या," त्या म्हणाल्या. "दारात शेळी बांधीन, उनात बसीन. गुडघं आत्ताच कुरकुरत्यात माझं."

"आन् देवाच्या डोक्यावर चार मजलं?" अण्णा म्हणाले. "वर लोकं न्हानार, धुनार, चपला घालून फिरनार. ते चालंल व्हय?"

"देव ऱ्हाऊ दे की हितंच, लिंबाखाली. आपुन खाली ऱ्हाऊ, त्याच्या शेजारी."

"देव भाईर आन् आपुन घरात? खुळी का काय तू!"

येसूबाई उठून आपल्या शेळीला पाला टाकायला गेल्या. ऋषिराजने मात्र ताबडतोब शब्द दिला. "अण्णा, देवाच्या डोक्यावर कोणी राहणार नाही. सगळ्यात वरचा मजला तुमचा." एवढंच नाही, करारातही तसं घालून दिलं. द्यायला त्याचं काय जात होतं? बिनलिफ्टच्या चौथ्या मजल्याला तसंही गिऱ्हाईक मिळत नाही.

पण पाया भरेपर्यंत नियम बदलला आणि चाराचे सात झाले. लिफ्ट आली. अण्णा सातव्यावर गेले. देवाला लिफ्टने न्यायचं नाही, कारण लिफ्ट खालून वर जाताना प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी देवाच्या वरच असणार, असा मुद्दा अण्णांनी काढला. जिना चढतानाही तेच होणार, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी क्रेन मागवली असती. तो दगड डोक्यावर घेऊन, अनवाणी, भंडारा उधळत ते सात मजले चढले. पुढे ढोल, मागे येसूबाई, प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबणाऱ्या. जिना महिनाभर पिवळा होता.

शेळी लिफ्टमध्ये बसेना. एकदा बसवली तर तिने आत जे करायचं ते केलं आणि सोसायटीने ठराव केला की कुत्रा चालेल, शेळी चालणार नाही. ठरावावर सही माझी. शेळी गावाकडे भावकीत गेली.

सगळे राहायला आल्यावर दोन वर्षांत नियम पुन्हा बदलला. ऋषिराजने खांब आधीच जाड घेऊन ठेवले होते, यावरून तो माणूस किती दूरचं बघतो ते ओळखा. साताचे अकरा झाले. अण्णांनी पुन्हा देव डोक्यावर घेतला आणि पुन्हा अनवाणी जिना चढले. या खेपेला येसूबाई लिफ्टने गेल्या, डोळे मिटून.

अकराव्यावर गेल्यावर अण्णांच्या ध्यानात आलं की वर गच्ची आहे, आणि गच्चीवर माणसं जातात. पाण्याची टाकी धुणारा तर थेट देवाच्या टाळूवर उभा राहतो. मग त्यांनी खाली देव्हारा आहे तेवढ्या जागेभोवती गच्चीवर भंडाऱ्याची रेघ ओढली आणि जाहीर केलं की हिच्या आत पाऊल टाकायचं नाही. पापड वाळत घालणाऱ्या बायका रेघेच्या अलीकडे सरकल्या. डिश अँटेना हलली. पावसाने रेघ पुसली की अण्णा नवी ओढायचे, आणि दर वेळी ती थोडी मोठी व्हायची. राज्यं अशीच वाढत असावीत.

या सगळ्यात येसूबाईंचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. लिफ्टमध्ये एकटीने बसायची त्यांना धास्ती. एकदा वीज गेली आणि त्या मधेच अडकल्या, तेव्हापासून उतरणंच बंद झालं. गुडघे तर जिन्याचं नाव काढू देत नव्हते. दिवसभर गॅलरीत बसून खाली बघायच्या. वरून माणसांची फक्त डोकी दिसतात. कुणाला टक्कल पडू लागलं, कुणी केस काळे केले, हे त्यांना त्या माणसाच्या बायकोच्या आधी कळायचं. मी एकदा पाण्याच्या तक्रारीसाठी वर गेलो तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, हितनं माणसं लय दिसत्यात. पर बोलाय एक न्हाई." मला फार वाईट वाटलं. तरी मी पाण्याचंच बोललो आणि खाली आलो.

गेल्या उन्हाळ्यात ऋषिराज पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. आणखी दोन मजल्यांची परवानगी मिळत होती, पण करारातल्या त्या कलमामुळे अण्णांची संमती हवी होती. संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. सगळे भंडाऱ्याच्या रेघेबाहेर दाटीवाटीने बसले, रेघेच्या आत हवा खेळत होती. या सभेसाठी येसूबाईंनाही एक मजला चढवून आणलं होतं. लिंबाच्या शेंड्याकडे बघत त्या कठड्याजवळ बसल्या.

"बांध की," अण्णा म्हणाले. "आमी तेराव्यावर जातो. शब्द म्हंजे शब्द. देवाच्या डोक्यावर कुणाला चालू देनार न्हाई मी!"

"मी न्हाई येनार," येसूबाई म्हणाल्या. आवाज लहान होता, पण सगळ्यांनी ऐकला.

"येसे, देवाचा परश्न हाय ह्यो."

तेवढ्यात दहाव्या मजल्यावरची माया बोलली. माया मिरजेला दवाखान्यात नर्स आहे. तिचं घर अण्णांच्या बरोबर खाली. कधी कुणाच्या वाट्याला न जाणारी बाई, आणि येसूबाईंच्या गुडघ्याला तेल चोळून देणारी इमारतीत ती एकटीच.

"मामा, रागावू नका," ती म्हणाली. "आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे. दोन्ही बरोबर तुमच्या मोरीखाली येतात. तुम्ही रोज त्यांच्या डोक्यावर अंघोळ करता. आम्ही कधी काही म्हटलं का?"

मग नवव्या मजल्याला आठवलं की आपल्या घरात खंडोबा आहे. आठव्याने दत्त सांगितला, सातव्यानेही तोच. सहाव्याचा गणपती निघाला, पाचव्याची यल्लमा. एकेक मजला खाली उतरत ते माझ्यापर्यंत आलं. माझ्याकडे आईचा फोटो आहे. मी तोही सांगितला. सभेत चेअरमनने मागे राहू नये.

अण्णा आपल्या पायांकडे बघत राहिले. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर कुणाच्या देवाला पाय लागू दिला नाही आणि आपल्याच घरात दहा मजले देव तुडवत होता. बायका लुगड्यात लपवतात तसे त्यांनी पाय हळूच धोतरात ओढून घेतले. त्या क्षणी मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. सभा ठराव न होताच संपली. पेढे मात्र संपले.

सकाळी दूध आणायला गेलो तर बिरोबा लिंबाखाली. इमारतीच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडावीच लागते, असा एक नियम आहे. ऋषिराजला बदलता न आलेला हा एकच नियम असावा. त्यामुळे लिंब जिथल्या तिथे राहिला होता, आणि त्याच्यावर आभाळाशिवाय कुणाचाही मजला नव्हता. शेजारी अण्णा बसले होते, भंडाऱ्याने हात पिवळे.

"आनलं खाली," ते म्हणाले. "ऋषिराजला सांगा, बांध म्हनावं. पायजे तेवढं वर बांध. फकस्त ती गेटाजवळची खोली आमाला पायजे."

गेटाजवळची खोली वॉचमनची. सीसीटीव्ही बसल्यापासून वॉचमन नव्हता, खोलीत फुटक्या कुंड्या होत्या. ऋषिराजने इतक्या घाईने हो म्हटलं की पेन सापडेना. आपण अण्णांना गुंडाळलं, असं त्याला अजून वाटतं. अकराव्या मजल्याचा फ्लॅट अण्णांनी भाड्याने दिला. भाडेकरू पुण्याहून आलेला, शिकलेला, वास्तुशास्त्र बघणारा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "वर कोणी राहणार नाही ना?"

येसूबाईंना मी आणि मायाने लिफ्टमधून खाली आणलं. त्यांनी मायाचा हात धरला होता आणि डोळे मिटलेले. गेटापाशी आल्यावर चपला काढल्या आणि मातीवर उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग लिंबाला हात लावला, देवाला लावला. शेळीचा ठराव मी त्याच आठवड्यात फिरवला. कुत्रेवाल्यांनी फार गोंधळ घातला, पण कंडक्टरला गोंधळाची सवय असते.

आता येणारे जाणारे अण्णांना वॉचमनच समजतात. कुरिअरवाला त्यांच्याकडे पार्सल टाकतो, नवी माणसं गाडीतून हॉर्न वाजवून गेट उघडायला सांगतात. अण्णा उठून उघडतात. ही सगळी जमीन त्यांची होती, हे मी एकदोघांना सांगून पाहिलं. त्यांना ते खरं वाटलं नाही.

परवा मी गेलो तेव्हा दोघं उन्हात बसली होती. शेळी दारात बांधलेली. वर बाराव्या मजल्याचा स्लॅब चालला होता. येणारी-जाणारी बाई येसूबाईंशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नव्हती. अण्णा ते बघत होते.

"येसे," ते शेवटी म्हणाले, "हितंच ऱ्हायाचं हुतं तुला, तर आदीच का न्हाई बोल्लीस?"

येसूबाईंनी शेळीपुढे पाला टाकला.

"बोल्ले व्हते की," त्या म्हणाल्या. "तवा तुमी वर बघत व्हता."