ओलेत्याने फिरवलेलं चाक

मालनचा डावा पाय ज्या तापात गेला, तो आला गौरी बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी. सहा वर्षांची पोर, आदल्या संध्याकाळी फुगडी घालणाऱ्या बायकांच्या मधेमधे नाचत होती. पहाटे ताप भरला. तीन दिवस अंग तव्यासारखं. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आईने तिला न्हाणीकडे न्यायला उभं केलं, तर डावा पाय दोरीवर टाकलेल्या पंच्यासारखा लोंबला. चिमटा काढला की पोर ओरडे, पण "हलव बघू" म्हटलं की त्या पायाकडे अशी बघे, जसा काही तो शेजारणीचा आहे.

ही आई म्हणजे सत्यवती, मांडवीच्या वाटेवर राहणाऱ्या महिपतची बायको. महिपत रत्नागिरीच्या बाजारात एका सोडावॉटरच्या कारखान्यात बाटल्या भरायचा. घरात ही तिघं आणि महिपतची आई सोनूबाई. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेलं हे एकच मूल. सत्यवती देवाधर्माची कडक. उजाडायच्या आत सारवण, मग आंघोळ, मग तुळशीला पाणी, आणि त्यानंतर चूल. पायासाठी तिने काय केलं नाही? उंडिणीचं तेल चोळून तिच्या तळहातांची सालं निघाली. भगवतीची ओटी भरली, ग्रामदेव भैरीला कौल लावला, मंगळवारचे उपास धरले. पाय जिथे होता तिथेच. उलट दिवसेंदिवस बारीक होत चालला.

चैत्रात दोघं पोरीला घेऊन बोटीने मुंबईला गेली. तिथे महिपतचा भाऊ दादू गिरणीत होता. त्याच्या ओळखीने, बऱ्याच खेपा घातल्यावर, एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर भेटला. तो पायाला वीज द्यायचा. काचेच्या दोन थाळ्या एका मुठीने गरागरा फिरवायच्या आणि पितळेची गोळी मांडीजवळ न्यायची, की टक् करून निळी ठिणगी पडायची. बाराव्या दिवशी सत्यवतीला वाटलं, अंगठा हलला. डॉक्टरने पाय पुन्हा तपासला. त्याने एवढंच सांगितलं, "तीन महिने रोज आणावं लागेल. आणि बाई, अशा पायात जे परत यायचं ते वर्षाच्या आत येतं. नंतर नाही."

दादूच्या एका खोलीत आधीच नऊ माणसं. त्यात कारखान्याच्या मालकाचा निरोप आला, ऐन उन्हाळ्यात सोड्याला माणूस नसेल तर मी दुसरा ठेवतो. वैशाख सरता सरता शेवटच्या बोटीने तिघं परत निघाली. आता नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. आणि गौरींना वर्ष पुरं होणार.

बोटीच्या डेकवर मालन आईच्या मांडीवर झोपली होती. महिपत पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मी बघितलाय तो यंत्र. बारा दिवस दाराशी उभा राहून बघितलाय. काच फिरते, तिला रेशीम घासतं, पितळ ती वीज उचलतं. त्यात जादू काय नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी करीन."

सत्यवतीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं देवळात गुरवाकडे पाहतात.

ज्येष्ठभर घरात तेच चाललं. औषधाच्या दुकानातून टवका गेलेली जाड काचेची लांबट बरणी महिपतने मागून आणली. तिच्या दोन्ही टोकांना सुताराकडून लाकडी गट्टू बसवून घेतले, सोनाराकडची चपडी लाख वितळवून ते पक्के केले. चाक मिळालं मोडक्या चरख्याचं; त्यावरून दोरी बरणीच्या गट्टूला, म्हणजे चाक फिरवलं की बरणी फिरणार. फुटक्या वहाणेच्या चामड्यात बकऱ्याचे केस भरून गादी केली. काचेला घासायला त्या गादीवर रेशीम हवं होतं. सत्यवतीने भगवतीच्या ओटीतून प्रसाद म्हणून मिळालेला रेशमी खण कापून दिला. घरातलं पितळी तपेलं दोन सोड्याच्या बाटल्यांवर उपडं बसलं, त्याच्या कडेला शिवणाच्या सुयांची रांग. तिसऱ्या बाटलीत मिठाचं पाणी, बाहेरून चहाच्या खोक्यातला पातळ पत्रा, बुचातून खिळा आणि त्याला तारेने बांधलेली पितळेची गोळी. वीज त्या बाटलीत साठायची, असं महिपत म्हणे.

सोनूबाई उंबऱ्यात बसून सुपारी कातरत बघायची. "मेल्या, सोडा भरतोस तो बरा. ही इंद्राची वीज कुठच्या बाटलीत भरणार हायस? आणि माझं तपेलं का उपडं घातलंस? उद्या भात काय टोपीत शिजवू?"

"आये, नात चालायला लागली की दोन तपेली आणीन."

"दोन नकोत रे बाबा," म्हातारी एकदम हळू आवाजात म्हणाली, "हे एक गेलं तरी चालंल."

आषाढाच्या पहिल्या दिवशी सत्यवतीने व्रत धरलं. एक्केचाळीस दिवस चाक आपणच फिरवायचं, आणि ते ओलेत्याने. देवळाला ओलेत्याने फेऱ्या घालतात तसं. खण देवीचा, म्हणजे यंत्रही देवीचंच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. उजाडायच्या आधी ती यंत्राखालची जमीन शेणाने सारवायची, विहिरीवर डोक्यावरून घागर ओतून घ्यायची आणि पाणी निथळतं लुगडं तसंच अंगावर घेऊन पाटावर बसायची. जप करत हजार वेळा चाक फिरवायचं. महिपत मालनला मांडीवर घेऊन पितळेची गोळी तिच्या पायाजवळ धरायचा.

काही नाही. एक ठिणगी नाही.

महिपतने गादी उसवून पुन्हा भरली. लाख खरवडून पुन्हा ओतली. संध्याकाळी कामावरून आल्यावर स्वतः फिरवून बघितलं. बाहेर पाऊस कोसळत होता, घरातल्या मिठाला पाणी सुटलं होतं, सारवलेली जमीन संध्याकाळपर्यंत वाळत नव्हती. सत्यवतीच्या खांद्यात चमक भरली, अंगात बारीक ताप राहू लागला. ती दात वाजवत फिरवत राहिली. दहा दिवस, वीस दिवस, तीस दिवस. रोज जप संपला की मालन विचारायची, "आये, आली गो वीज?"

"येत्येय. वाटेत हाय."

श्रावणात तीन दिवस कडक उघडीप पडली. नेमकी त्याच वेळी सत्यवती बाजूला बसली. मागच्या पडवीत घोंगडीवर, कोणाला शिवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. आपल्यामुळे व्रतात खंड पडला म्हणून ती तोंडात पदर कोंबून रडली. सोनूबाईची कंबर धरलेली, त्यामुळे सारवण कोणी केलंच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी महिपत जेवायला घरी आला होता. सहज म्हणून त्याने चाकाला हात घातला.

टक्.

पडवीत सत्यवतीला ते ऐकू आलं. मुंबईला ऐकला होता तोच आवाज. मग महिपतची आरोळी, "आये! बघितलंस? निळी, निळी ठिणगी!"

सत्यवती जागची उठली नाही.  इतके दिवस तिने फिरवलं तर काही नाही, आणि ती दूर होताच देवीने वीज दिली! याचा अर्थ तिला एकच दिसला.

पाचव्या दिवशी ती न्हाली, जमीन सारवली आणि ओलेत्याने पाटावर बसली. हजार फेरे. काही नाही. तिने चाक सोडलं आणि कपाळ जमिनीवर आपटलं.

"मला माहेरी पोचवा. आजच्या आज. माझाच हात वंगाळ हाय. मी घरात हाय तवर पोरीचा पाय येणार नाय."

"गप बस गो—"

"देवीला मी नको! तुम्ही आपल्या डोळ्यांनी बघितलंत ना? मी नव्हते तवा कशी आली? मला पोचवा, नायतर मी समुद्रात जाते!"

मालन रडू लागली. महिपत तिला सावरायला खाली वाकला, त्याचा तळवा जमिनीवर टेकला आणि तो तसाच थांबला. त्याने हात उचलून बघितला. तळवा ओला. मग त्याने बायकोकडे बघितलं. तिच्या पदराचं पाणी थेंब थेंब यंत्राच्या पाटावर, बाटल्यांवर, बरणीवर ठिबकत होतं.

"अगो," तो म्हणाला, "तुझं पाप नाय. तुझं लुगडं."

"काय?"

"ओल. वीज ओलीतून पळून जात्येय. काचेवर पाणी, जमिनीवर पाणी, हवेत पाणी. त्या दिवशी सगळं कोरडं होतं. ऊठ, कोरडं लुगडं नेस."

"आणि व्रत? सात दिवस ऱ्हायलेत. आत्ता मोडलं तर देवी काय म्हणेल? तिने ह्या पोरीवर राग काढला तर?"

 सोनूबाई भिंतीला धरून उठली, वळणीवरचं सुकं लुगडं काढलं आणि सुनेच्या अंगावर फेकलं.

"नेस. व्रत मी मोडलं, असं सांग देवीला. राग काढायचा तर माझ्यावर काढू दे. मी काय, नायतरी पिकलं पान."

त्या दिवसापासून सारवण बंद झालं. यंत्राच्या दोन्ही बाजूंना निखाऱ्याच्या शेगड्या आल्या, बरणी कोरड्या फडक्याने पुसली, आणि सत्यवतीने कोरड्या लुगड्यात चाक फिरवलं. तपेल्याजवळ हात नेला तर केस उभे राहू लागले. महिपतने गोळी डाव्या मांडीजवळ नेली.

टक्.

"आये गो! चावलं!" मालन किंचाळली.

"चावलं म्हणत्येय!" सत्यवती रडत हसली. "तिला कळलं! अवो, तिला कळलं!" सोनूबाईने देवापुढे साखर ठेवली, शेजारीपाजारी वाटली. पुढचा महिनाभर सत्यवती गरम फडकी, शेगड्या आणि चाक यापलीकडे काही जाणत नव्हती. रोज सकाळ-संध्याकाळ ठिणग्या. रोज मालनचं ओरडणं. अंगठा मात्र हलत नव्हता. "हलेल," ती म्हणे, "मुंबईला हलला नव्हता काय?"

गौरी तीन दिवसांवर आल्या होत्या. सकाळी ठिणगी द्यायच्या वेळी मालन अंग चोरून वळली आणि गोळी चुकून तिच्या उजव्या, चांगल्या पायाला लागली. तो पाय असा फाडकन उडाला, की शेगडी कलंडली आणि निखारे जमिनीवर पसरले.

सोनूबाईने निखारे गोळा केले.  महिपतने चाक फिरवून बाटलीत पुन्हा वीज भरली आणि गोळी मुद्दाम उजव्या पायाला लावली. पाय उडाला. मग डाव्याला. पोर ओरडली, पाय लाकडासारखा पडून राहिला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा.

"पण तिला कळतंय ना?" सत्यवतीने विचारलं.

"चिमटा काढला तरी कळत होतंच की," महिपत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

मग त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्याने कोपऱ्यातल्या आणखी दोन बाटल्या ओढल्या, त्यांत मिठाचं पाणी ओतू लागला. "कमी पडत्येय. तीन बाटल्यांची एकदम देऊ. अजून तीन दिवस हायत. तू फिरव, मी धरतो. फिरव म्हणतो ना!"

मालन सरपटत कणगीमागे गेली होती. तिथून तिचा आवाज आला, "आये, मी शान्यासारखी वागेन. मी फुगडीत मधेमधे नाचणार नाय. वीज नको गो."

सत्यवतीने चाकावरची दोरी काढली.

"काय करत्येस? डॉक्टर म्हणाला होता वरसाच्या आत! तूच अर्ध्यावर सोडणार?"

"पोरीला वाटतंय आपण तिला शिक्षा देतोय."

"दोन दिवस! नुसते दोन दिवस दे मला!" महिपतने तिच्या हातातली दोरी ओढली. त्याचे डोळे लाल झाले होते. पंधरा वर्षांच्या संसारात त्याला असं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने दोरी सोडली. दोरीवरून भांडून काय होणार होतं? ती कणगीमागे गेली, मालनला कडेवर घेतलं आणि बाहेर पडली. मागे चाक पुन्हा फिरू लागल्याचा आवाज आला. समोर पाय नव्हता, मूल नव्हतं, तरी तो फिरवत होता.

रिमझिम सुरू झाली होती. केरू सुतार ओट्यावर मखराची लाकडं तासत बसला होता.

"केरूदादा, कुबडी करायची हाय."

"कोणाला गो वैनी? म्हातारीला?"

"नाय. हिला."

केरूचा वाकस थांबला. त्याने मालनकडे पाहिलं, उठला, खुंटीवरची सुतळी घेतली. सत्यवतीने पोरीला दोन्ही काखांतून धरून उभं केलं. त्याने सुतळीचं एक टोक तिच्या काखेत लावलं, दुसरं जमिनीला टेकवलं आणि गाठ मारली.

"वाढती पोर हाय, वैनी. दर वरसाला नवी लागंल."

"लागू दे," सत्यवती म्हणाली. "पुन्हा एकदा नीट माप घ्या. मघाशी मी तिला थोडी वर उचलली होती."