तुमच्या आईची हुकलेली परीक्षा

बाळांनो, मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, आम्ही स्कीइंगला जातो तेव्हा आई खाली कॅफेतच का बसून राहते? तिला येत नाही का?" मी म्हटलं, तिलाच विचारा. ते उत्तर बरोबर नव्हतं. पुढच्या महिन्यात आम्ही कुवेत सोडून कायमचे नाशिकला जातो आहोत. कागदपत्रांची हिरवी फाइल आवरताना तुमच्या आईच्या जुन्या पासपोर्टची एक झेरॉक्स सापडली, आणि वाटलं, आता लिहूनच टाकावं. मी इंग्रजी शाळेत शिकले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण मराठीत लिहिते आहे, कारण मग हे तुम्हाला तुमच्या आईकडूनच वाचून घ्यावं लागेल.

तुमच्या आईला स्कीइंग येतं. फार चांगलं येतं.

सोळाव्या वर्षी आम्ही तिला सुट्टीत गुलमर्गला नेलं होतं. तिथून परतल्यावर तिला दुसरं काही सुचेना. पुढे ती इथे कुवेतमध्येच, हवल्ली भागातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट झाली, पण पगारातला बराच भाग दर हिवाळ्यात बर्फावरच जायचा. चोवीस वर्षांची असताना एक दिवस जेवताना म्हणाली, "मी बिनपगारी रजा घेते आहे. ऑस्ट्रियाला जाऊन स्की इन्स्ट्रक्टर होणार."

तुमचे आजोबा रिफायनरीत इंजिनिअर. ते हसायलाच लागले. "पन्नास डिग्रीत राहणारी माणसं आपण. तू शिकवणार कुणाला? उंटांना?"

"उंट बरे, बाबा. त्यांचे गुडघे तुमच्यापेक्षा धड असतात."

ऑक्टोबरच्या मध्याला ती गेली. दर शुक्रवारी फोन यायचा. आधी पडायचं कसं ते शिकवतात, म्हणाली. मग पडलेल्या माणसाला त्याची लाज न काढता उठवायचं कसं ते. परीक्षेत स्वतः उतारावरून येऊन दाखवणं हा निम्माच भाग होता. उरलेला निम्मा म्हणजे ज्याने कधी बर्फ पाहिला नाही अशा माणसाला अर्ध्या तासात आपल्या पायांवर थांबायला शिकवायचं. ती म्हणायची, "आई, तेच खरं अवघड आहे. माणूस घाबरला की पायांकडे बघतो, आणि पायांकडे बघितलं की पडतो." परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात होती.

फेब्रुवारीत तिने सांगितलं, पास झाली तर तिथली स्की शाळा पुढच्या हिवाळ्यापासून तिला नोकरी देणार होती. मी "वा!" म्हटलं. फोन ठेवला आणि बराच वेळ मटारच्या शेंगा सोलत बसले. माझ्या मनात एकच होतं, की ही आता परत येत नाही.

तुम्हाला एक नियम सांगायला हवा. इथे राहण्याचा परवाना असतो, त्याला आम्ही अकामा म्हणतो. सलग सहा महिने कुवेतबाहेर राहिलं की तो रद्द होतो. म्हणून इथले सगळेच सहा महिने भरायच्या आत एकदा येऊन पाय टेकवून जातात. आमच्या घरात या तारखा सांभाळायचं काम माझं. हिरव्या फाइलवर मी त्या पेन्सिलने लिहून ठेवायचे आणि त्याबाबतीत माझा शब्द कुणी तपासत नसे. तुमच्या आईची मुदत परीक्षेच्या एक आठवडा आधी संपत होती.

मार्चमध्ये आजोबांनी विचारलं, "मुदत वाढवून मिळते का बघ ना. मंदूबला फोन कर." मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. मी फोन केला. तो म्हणाला, "हो जाएगा मॅडम, बस पासपोर्ट की कॉपी भेज दो." मी झेरॉक्स काढली, फाइलला लावली आणि पाठवली नाही. संध्याकाळी आजोबांना सांगितलं, "नाही होत म्हणतात." शुक्रवारी तिलाही तेच सांगितलं.

ती म्हणाली, "नक्की विचारलंस ना?"

"नक्की."

पोरी, इथे तू वाचताना थांबशील, हे मला माहीत आहे. मुलांना पाणी प्यायला पाठव आणि मग पुढे वाच.

ती आली. लगेच परत जायचं तर तिथलं तिकीट त्या आठवड्यात मिळेना. परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊला तिने हॉलमधला गालिचा गुंडाळला आणि फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या, स्कीसारख्या दोन तिरक्या पट्ट्या लावल्या. पुढची टोकं जवळ, टाचा लांब.

"चल आई. तू माझी विद्यार्थिनी. कधी बर्फ न पाहिलेली."

"अगं, गुलमर्गला पाहिलाय."

"तू हॉटेलात बसून पाहिलास. ये इकडे."

अर्धा तास तिने मला शिकवलं. गुडघे वाकव. खांदे सैल सोड. खाली नाही, समोर बघ, मी आहे ना समोर. एकदाही आवाज चढला नाही. शेवटी मी त्या पट्ट्यांवर नीट उभी राहिले, तेव्हा तिने घड्याळ पाहिलं.

"बरोबर तीस मिनिटं. पास की नापास?"

"पास," मी म्हटलं.

"तुझी सही चालत नाही गं तिकडे," असं म्हणून हसली, आणि आंघोळीला गेली. नळ फार वेळ चालू होता.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. पुढच्या हिवाळ्यात क्लिनिकने रजा दिली नाही, त्यानंतर तिचं लग्न ठरलं. मी तिला जवळ ठेवायला निघाले होते. लग्नानंतर ती शेवटी बर्फाच्याच देशात गेली, आणि तुमच्याबरोबर डोंगरावर येऊन खाली कॅफेत बसते.

आजोबांना हे मी काल सांगितलं. आज ते खोकी एकटेच बांधत आहेत.

सकाळी आम्ही हॉलमधला गालिचा उचलला. तिने लावलेल्या पट्ट्यांचा रंग उडाला आहे, एकीची कड सुटली आहे. पण दोन्ही पट्ट्या अजून फरशीवर आहेत.