हत्तीच्या मागच्या अंगाचं तिकीट

"मला एक पायजे, मास्तर. एक! चार घिऊन काय करू? लेक एकच हाय मला."

खिडकीपलीकडून मावशी ओरडत होत्या आणि अलीकडून मी नुसती मान हलवत होतो. लेकीला पाठवायचं पत्र त्यांच्या हातात घामानं ओलं झालं होतं. मागं रांग. रांगेतला प्रत्येकजण आधी मावशींवर चिडलेला, आणि त्यांचं म्हणणं ऐकल्यावर माझ्यावर.

"मावशी, सुटं देता येत नाही. वरचा हुकूम आहे."

"वर कोन बसलाय? त्याला लेक न्हाई का?"

मावशींनी ते ओलं पत्र पदरात बांधलं आणि रांगेतून बाहेर पडल्या.

मी तेव्हा सब-पोस्टमास्तर होतो, म्हणजे तालुक्याच्या खालच्या छोट्या पोस्टाचा मुख्य, कारकून आणि वेळ पडली तर हमालही. गावाचं नाव सांगत नाही. जिंतूरच्या बाजूचं, आठवडी बाजाराचं गाव, एवढं पुरे. तिथं माझे अजून सोयरे आहेत.

झालं होतं असं. साधी तिकिटं संपली होती. साधी म्हणजे रोजच्या पाकिटाला लागतात ती छोटी. ती वरच्या ऑफिसातून यायची आणि त्यांच्या मर्जीनं यायची. त्यांच्याऐवजी आला एक गठ्ठा कमेमोरेटिव्हचा. एखाद्या निमित्तानं सरकार जी खास, मोठी, चित्राची तिकिटं काढतं, ती ही. एका लांबट कागदावर चार तिकिटं एकमेकांना जोडलेली आणि चारींवर मिळून एक हत्ती. पहिल्यावर सोंड आणि तोंड, दुसऱ्यावर अंबारी आणि तीत बसलेला राजा, तिसऱ्यावर पोट आणि झूल, चौथ्यावर मागचं अंग आणि शेपटी. चारींची किंमत वेगवेगळी. शेपटीचं सगळ्यांत स्वस्त, साध्या पाकिटाला बरोबर पुरेल एवढंच. बाकीची भारी, परदेशी टपालाला शोभतील अशी. आमच्या गावातून परदेशात काय जाणार होतं? कापूस जात असेल तर तो पोस्टानं जात नव्हता.

मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे आमच्यावरचे अधिकारी. नाव जाऊ द्या.

"साहेब, साधी तिकिटं पाठवा. लोक भांडायला लागलेत."

"हत्ती संपले का?"

"नाही."

"मग आधी हत्ती संपवा."

"निदान सुटे विकू का?"

"अजिबात नाही. स्वस्तातलं सगळे उचलतील आणि बाकीची तीन माझ्या डोक्यावर राहतील. सेट फोडायचा नाही."

"मग रोख घेऊन पाकिटावर शिक्का मारायची परवानगी द्या. टंचाईत तशी सोय असते."

"स्टॉक शिल्लक असताना टंचाई कसली हो?"

फोन ठेवला त्यांनी. साहेबांचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच जास्त डोकं फिरत होतं. त्यांना हत्ती खपवायचे होते. मावशींचं पत्र जातं की राहतं, हे त्यांच्या खात्यात येतच नव्हतं. आणि शिव्या खायला खिडकीवर मी.

त्याच आठवड्यात किशनराव आले. गावातले बऱ्यापैकी शेतकरी, बोलायला फटकळ, पण सरळ माणूस. थोरल्या मुलीचं लग्न काढलेलं. खांद्याला पत्रिकांनी फुगलेली पिशवी, प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं. एरवी असल्या पत्रिका माणूस घरोघर जाऊन हातानं देतो. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हाभर वातावरण तंग होतं. एसटी कधी सुटायची, कधी निम्म्या वाटेतून परत फिरायची. गेलेला माणूस लग्नाआधी परत येईल याची खात्री नाही. डाकेची थैली मात्र आज ना उद्या पोचायची. म्हणून ही सगळी निमंत्रणं पोस्टाच्या भरवशावर.

मी त्यांना हत्ती दाखवला. सेटचा हुकूम सांगितला. किशनराव लालबुंद झाले.

"मास्तर, पत्रिकेला येवढं भारी तिकीट? सरकारनं आमच्या पोरीच्या लग्नावर हत्ती सोडला का काय?"

"मी काय करू, किशनराव?"

"तुमी काईच करू नका. तुमी बसा खुर्चीवर. आवतन न्हाई पोचलं तर सोयरे जन्मभर बोलत्याल, ते आमी ऐकू. तुमचं काय जायलंय?"

शेजारच्या दोन पोस्टांत त्यांनी माणूस पाठवून पाहिला. तिथंही तीच गत. दुसऱ्या दिवशी परत आले, पैसे टाकले आणि हत्तींचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले. सेट फोडायची बंदी आम्हाला होती, गिऱ्हाइकाला नव्हती. किशनराव टराटरा फाडत होते, त्यांचा धाकटा भाऊ खळ लावून चिकटवत होता. हाताला येईल ते तिकीट, वर येईल ती पत्रिका. तिकिटाच्या फाडण्यातच किशनरावांचा राग मला आत ऐकू येत होता. मी शिक्के मारले आणि थैली बांधली. सुटलो, असं वाटलं.

लग्नाला मलाही बोलावलं होतं. रविवार होता, शाळेच्या पटांगणात मांडव. मी पोचलो तेव्हा नवरदेव येऊन उभा राहिला होता, भटजी घड्याळ बघत होते आणि किशनराव मांडवाच्या दाराशी हात जोडून उभे होते. त्यांच्यासमोर खुर्चीवर वालूरचे मामा. नवरदेवाचे सख्खे मामा. अक्षता पडताना नवरदेवाच्या मागं मामानं उभं राहायचं असतं, आणि मामा म्हणत होते, मी आत पाऊल टाकणार नाही.

मला बघताच किशनराव म्हणाले, "हे बगा, आले मास्तर. इचारा त्यांला."

मामांनी खिशातून पाकीट काढून माझ्यापुढं धरलं.

"मास्तर, हे काय हाय?"

"तिकीट."

"ते मला बी दिसायलंय. हत्तीचं कोन्तं अंग हाय?"

मी पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"बोला की. शिकल्यालं मानूस तुमी."

"मागचं," मी म्हणालो.

"मागचं! आन हे बगा." मामांनी दुसरं पाकीट पुढं केलं. "नवरदेवाच्या चुलत्याला गेल्यालं. त्याला अंबारी, वर राजा बसल्याला. चुलत्याला राजा आन मामाला ढुंगन! आन किंमत बी हलकी. अशी इज्जत करतेत का सोयऱ्याची?"

मांडवात कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. आत नवरी हार घेऊन बसली होती आणि बाहेर तिचा बाप एका तिकिटापायी गयावया करत होता. माझ्या खिडकीशी वाघासारखा भांडलेला माणूस. तो तसा हात जोडून वाकलेला मला बघवेना. मस्तकात तिडीक गेली.

"मामा," मी आवाज चढवला, "हात यांनी का जोडायचे? यांनी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून तुम्हाला पत्रिका धाडली. हुकूम माझ्या साहेबाचा, की हत्ती विकायचा तर सगळा विकायचा. फाडला तो यांनी, कारण पत्रिका अनेक आणि हत्ती घ्यावाच लागला. कुणाला कोणता तुकडा गेला ते चिकटवणाऱ्यानं बघितलंसुद्धा नाही. भांडायचं तर माझ्याशी भांडा, नाहीतर साहेबाकडं जा. पण त्या पोरीला आत ताटकळत ठेवू नका."

एवढं मी साहेबांपुढं कधी बोललो नव्हतो. मामांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी धरली.

"म्हंजे हत्ती मुळात सबंद हाय?"

"सबंध आहे. ऑफिसात कपाटात चिक्कार पडलेत."

"मंग आमाला सबंद हत्ती पायजे."

रविवारी तिकीट विकता येत नाही. मी ऑफिसच्या मागच्याच खोल्यांत राहत होतो. गेलो, कपाट उघडलं, एक सेट काढला, पैसे खिशातून टाकले. नियम मोडत होतो आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

किशनरावांनी ताटात टॉवेल-टोपी ठेवली, वर तो लांबट कागद ठेवला आणि ताट मामांपुढं धरलं. मामांनी चष्मा लावला. सोंडेपासून शेपटीपर्यंत बोट फिरवलं. कुठं फाटलेलं नाही ना ते पाहिलं. मग घडी न घालता कागद पत्रिकेत ठेवला, टोपी डोक्यावर चढवली आणि उठले.

"चला, येळ कामून करायलाव?"

अक्षता पडल्या.

पण गोष्ट तिथं मिटली नाही. मांडवात सगळ्यांनी बघितलं होतं, मामांना अख्खा हत्ती मानानं मिळाला. मग चुलत्यांच्या लक्षात आलं, आपल्याकडं राजा आहे पण हत्तीला तोंड नाही. एका आत्याबाईंच्या वाट्याला नुसतं पोट आलं होतं. सोमवारी सकाळी मी शटर उघडलं तर पायरीवर किशनरावांचे सोयरे उभे. पुढच्या लग्नसराईत गावात रीतच पडली: मानाच्या पाहुण्याला टॉवेल-टोपीवर अख्खा हत्ती. ज्या सेटसाठी लोक मला शिव्या देत होते, तोच सेट मागायला तेच लोक यायला लागले. कपाट रिकामं झालं.

साहेबांचं पत्र आलं. अभिनंदनाचं. आमच्या पोस्टानं विक्रीचा चांगला आदर्श घालून दिला, असं लिहिलं होतं. सोबत मोठा गठ्ठा. मी अधीरपणे फोडला. हत्ती, आधीपेक्षा दुप्पट!

मी फोन लावला.

"साहेब, साधी तिकिटं कुठं आहेत?"

"तुमच्याकडं मागणी हत्तीला आहे ना?"

"मागणी लग्नाला आहे, साहेब. पत्रं तशीच पडलीत."

"हे बघा, चाललेलं नीट चालू द्या."

त्या दिवशी त्यांच्याआधी मी फोन आपटला. नोकरीतली ती पहिलीच वेळ.

मावशी पुन्हा खिडकीशी आल्या. पुन्हा लेकीचं पत्र. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "म्हाईत हाय. चार." त्यांनी सेट घेतला आणि किशनरावांकडं वळल्या. ते बाकावर बसून साहेबांना तक्रारीचा अर्ज लिहीत होते.

"किशनराव, तुमच्या अर्जाला तिकीट हाय का? ह्यातली शेपटी घ्या. लेकीला मी तोंडाचं लावते."

किशनरावांनी तिकिटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खाली मान घालून शिक्का शाईत बुडवला.

मग गावानं धरलंच ते. ज्याला सेट घ्यावा लागायचा तो तोंड, अंबारी, पोट आपल्या माणसांच्या पत्रांना लावायचा आणि शेपटीचं जपून ठेवायचा. मग साहेबांना अर्ज. ज्यांची कसली तक्रार नव्हती तेही करायला लागले. मी प्रत्येकावर शिक्का मारायचो, जरा जोरातच.

काही दिवसांनी साहेब तपासणीला आले. चहा झाला, हिशेब झाला. मग बॅगेतून पाकिटांचा जुडगा काढून टेबलावर टाकला.

"तुमच्या गावचे अर्ज फार येतात. आणि प्रत्येकावर हे एकच तिकीट. खरं सांगा, तुम्ही सेट फोडता की नाही?"

"मी नाही फोडत. लोक घरी नेऊन फोडतात."

"मग बाकीची तीन कुठं जातात?"

खिडकीपलीकडून मावशी म्हणाल्या, "ती मानाच्या मानसांला जातेत, साहेब."

साहेबांनी वरचं पाकीट उचललं. डोळ्यांजवळ नेलं. तिकिटावरच्या त्या शेपटीकडं बघितलं. मग रांगेतल्या लोकांकडं. लोक त्यांच्याकडंच बघत होते. त्यांनी जुडगा उचलून बॅगेत भरला आणि जेवायलाही न थांबता गाडीकडं निघाले.

पुढच्याच थैलीत साधी तिकिटं आली. भरपूर आली.

अर्जात किशनरावांनी आणि अख्ख्या गावानं काय काय लिहिलं होतं, ते साहेबांनी वाचलं असेल असं मला आजही वाटत नाही. पाकीट मात्र त्यांनी बघितलं होतं.